बोट ठेवलेलं पान

"देवानं मला सांगितलं," असं कुणी म्हटलं की त्रिभुवन मास्तर पहिला प्रश्न विचारायचे, "तेव्हा तुम्ही जेवला होतात का?"

थट्टा नव्हे. चेहरा अगदी गंभीर. समोरचा माणूस गोंधळून हो किंवा नाही म्हणायचा. मग दुसरा प्रश्न यायचा, "जे सांगितलं ते तुम्हाला आधीपासून हवंच होतं का?" आणि तिसरा, "आणखी कुणाला विचारलंत? तो काय म्हणाला?" या तीन प्रश्नांतून जो धड बाहेर पडेल त्याच्याशीच ते पुढं बोलत. माझ्या पाहण्यात एकच म्हातारी बाहेर पडली. तिला देवानं म्हणे सांगितलं होतं की जावेच्या दारात जाऊन माफी माग. जावेचं तोंड बघायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती रडत मास्तरांकडे आली होती. मास्तर म्हणाले, "जा बाई. इतकं नको असलेलं स्वतःहून कुणाला सुचत नाही."

शमुवेल त्रिभुवन हे आमच्या शाळेत पुस्तकबांधणीचे मास्तर. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरमधल्या एका मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. कोल्हारच्या आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. पहिला म्हणजे माझ्या आधी चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. तेव्हा मला त्याचा ताठा होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. मिशनच्या शाळेत नोकरी लागली म्हणताच वडील म्हणाले, "पगार घे. बाकी कायबी घेऊ नको. त्यांच्यातलं कोन गोड बोलाया लागलं की वळख, हा आता बाटवनार."

म्हणून मी गोड बोलणाऱ्यावर नजर ठेवली. मला सापडले त्रिभुवन मास्तर, आणि ते मुळीच गोड बोलत नव्हते. याचाच मला जास्त संशय आला.

त्यांची खोली शाळेच्या मागच्या बाजूला, पिंपळाच्या सावलीत. आत शिरलं की खळीचा आंबूस वास यायचा. खळीत ते मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून, त्यामुळे त्यांची नखं कायम हिरवट. भिंतीला लागून लाकडी शिकंजा, त्यात पिळून ठेवलेली पुस्तकं. मुलांना आठवड्यातून दोन तास ते वह्या शिवायला शिकवत. उरलेल्या वेळात जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली जुनी शास्त्रं बांधत. आमच्याकडे पोथी म्हणतात तसं त्यांच्यात बायबलला शास्त्र. एकेका घराचं एकच, तीन तीन पिढ्या वापरलेलं, चुलीच्या धुरानं काळवंडलेलं, मधली पानं निसटलेली.

कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी ते नाव वाचत नसत. पाठीवर उभं करून दोन्ही हात सोडून देत. पुस्तक आपल्या मनानं उघडायचं, जिथं ते सगळ्यात जास्त वाचलं गेलं असेल तिथं. मग मान हलवून म्हणायचे, "हं. हे रडणारं घर आहे." किंवा, "यांच्याकडे वाटणीचं भांडण चाललंय." एकदा माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक त्यांनी असंच सोडलं. ते प्रस्तावनेला उघडलं. म्हणाले, "कोल्हारकर, तुम्ही याच्या पुढं फारसे गेला नाहीत."

शाळेत मला सगळे कोल्हारकर म्हणत. आडनाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण गाळली तर बाकीचं खोटं ठरेल. पहिले सहा महिने मी मास्तरांच्या डब्यातलं काही खाल्लं नाही. ते दुपारी डबा उघडून माझ्याकडे सरकवायचे आणि मी पोट बिघडल्याचं सांगायचो. कारण त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी कधी आग्रह केला नाही की तोंड वाकडं केलं नाही. पण डबा सरकवणंही कधी थांबवलं नाही. रोज आपला सरकवायचे. सातव्या महिन्यात मी भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोट बरं झालं वाटतं."

शाळेत सकाळच्या प्रार्थनेला उपदेश असायचा. एकदा मी त्यांना अडवून विचारलं, "मास्तर, देवाला माणसाला काही सांगायचंच असेल तर सरळ का सांगत नाही? आकाशात अक्षरं उमटवायची. सगळ्यांना दिसलं असतं, भानगड मिटली असती."

ते दोऱ्याला मेण लावत होते. म्हणाले, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला पत्र पाठवलं, की ताबडतोब निघून ये. अक्षर ओळखीचं नाही. जाल?"

"आधी चौकशी करीन."

"आणि ते स्वतः दारात येऊन उभे राहिले तर?"

"मग निघेन."

"नुसत्या शब्दानं भागलं असतं तर देवानं पत्रच पाठवलं असतं. आमचं म्हणणं आहे की तो स्वतः आला, माणूस होऊन, घाम गाळून. शब्दावर शंका घेता येते, कोल्हारकर. घ्यावीच. पण शेवटी माणूस बघून ठरवावं लागतं." मग दोरा दातानं तोडून म्हणाले, "तुम्ही ठरवू नका. तुमचे वडील मला सोडणार नाहीत."

म्हणजे वडिलांनी मला काय बजावलं होतं ते त्यांना न सांगता कळलं होतं. त्या दिवशी तर माझा संशय दुप्पट झाला.

दुष्काळाच्या वर्षी, उन्हाळा तापायला लागला होता तेव्हाची गोष्ट. मी शनिवारी घरी निघालो होतो. एसटीत मास्तर शेजारी येऊन बसले. कोल्हारच्या अलीकडे एका वाडीवर त्यांच्या लोकांची पंधरा-वीस घरं होती, तिथल्या मार्कस आप्पांनी बोलावलं होतं. आप्पा म्हणजे तिथल्या मंडळीचे पंच. पत्नी वारलेली, एक मुलगी, सुवार्ता. अकरावी पास झालेली, वाडीवरची पहिलीच. तिला नगरच्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाचं बोलावणं आलं होतं, आणि तोवर ती खडी फोडायच्या दुष्काळी कामावर हजेरी मांडत होती. पहिली म्हटल्यावर माझे कान टवकारले. पहिलं असणं काय असतं ते मला ठाऊक होतं. मी मास्तरांबरोबर वाडीवर उतरलो.

आप्पांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. पाणी तळाच्या मातीचं, गढूळ. सुवार्ता चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

आप्पा म्हणाले, "मास्तर, पोरीचं ठरलं. देवानंच ठरविलं."

मी मनात म्हटलं, आता विचारणार जेवला होतात का म्हणून. पण मास्तर नुसते बघत राहिले.

हकीकत अशी. एक फिरते उपदेशक वाडीवर आले होते. तिशी ओलांडलेले, पांढरे स्वच्छ कपडे, पेटी वाजवून गाणारे, प्रार्थनेत डोळ्यांतून पाणी काढणारे. आठ दिवस आप्पांच्याच घरी उतरले. आठवडाभर संध्याकाळी त्यांनी आप्पांच्या घरच्या शास्त्रातून वाचून सभा घेतल्या. शेवटच्या दिवशी म्हणाले, देवानं मला प्रकट केलंय की या घरातली मुलगी माझ्या सेवेत माझी सोबतीण होणार. आप्पा घाबरले, म्हणाले, आमी बोट ठेवून बघतो.

बोट ठेवणं म्हणजे त्यांच्यातली एक जुनी चाल. घरात मोठा प्रश्न पडला, लग्नाचा, विहिरीचा, गाव सोडायचा, की कर्त्या माणसानं प्रार्थना करून डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते देवाचं उत्तर. चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, हे पसंत नसायचं, पण घरोघरी चालायचं.

"तीनदा ठेवलं," आप्पा म्हणाले. "तिन्ही वेळा त्येच पान. धनी आपल्या लेकासाठी नवरी आनाया चाकराला परमुलखात धाडतो, विहिरीवर पोरगी उंटांला पानी पाजती, त्ये पान. अन् बोट कुटं? पोरीच्या घरचे म्हन्त्यात, ही गोष्ट देवाकडनं आली, आमाला बरंवाईट बोलता येत न्हाई, पोरगी घ्या अन् जा. तीनदा, मास्तर! आता मी कोन हुतो नर्सिंगचं बोलनारा?"

सुवार्तानं चुलीत लाकूड सारलं. जरा जोरानंच सारलं.

मास्तरांनी शास्त्र मागितलं. कपाळाला लावलं. मग पाठीवर उभं केलं आणि हात सोडले.

ते पुस्तक त्याच पानाला उघडलं.

"बगा!" आप्पा म्हणाले. "तुमच्या हातूनबी!"

मास्तरांनी पुस्तक उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला. मलाही फिरवायला लावला. त्या जागी पाठ मोडली होती. बाकीची पाठ पन्नास वर्षांची, काळी, गुळगुळीत. पण तेवढी एक चीर ताजी, आतला दोरा पांढरा दिसत होता. पुस्तक तिथं उपडं दाबून ठेवल्याखेरीज अशी चीर जात नाही, एवढं तोवर त्यांच्या खोलीत बसून बसून मलाही कळत होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आप्पांना म्हणाले, "पानं निसटायला आलीत. असं ठेवलं तर पोरीच्या लग्नात फाटेल. आठ दिवस माझ्याकडे द्या. बांधून आणतो. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर आणखी एकदा बघू. देवाचं असेल तर आठ दिवसांनी बदलणार नाही."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "तो माणूस लबाड आहे. तिथंच का नाही सांगितलंत?"

"मला माहीत नाही तो लबाड आहे का."

"चीर दिसली ना!"

"चीर दिसली. हात दिसला नाही. पोरगी मनात भरली असेल. रोज तेच पान काढून बसत असेल, वाचता वाचता उपडं ठेवत असेल. मग पुस्तक तिथं उघडायला लागलं, आणि त्याला वाटलं देव बोलला. फसवणारा बरा, कोल्हारकर. त्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं."

तो आठवडा मी त्यांच्या खोलीतून हललो नाही. त्यांनी पुस्तक सगळं उसवलं. पान न् पान पुसलं. जुन्या आणि नव्या करारांच्या मधल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले होते, त्यात सुवार्ताच्या नावापुढं तिच्या आईचं अक्षर. ते पान पुसायच्या आधी मास्तरांनी फडकं बदललं. नवा दोरा, नवी शिवण. खळ लावायच्या वेळी मी विचारलं, "मास्तर, तुमच्या मनात आलं तर हे पुस्तक तुम्हाला हव्या त्या पानाला उघडेल?"

"उघडेल की. तिथं शिवण जरा सैल, खळ जरा कमी. सातवीतल्या पोरालाही जमेल."

"मग करा ना! एखादं चांगलं पान शोधा. मुलगी सुटेल. कामही देवाचंच आहे."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "तुम्ही प्रयोगशाळेत असंच शिकवता? उत्तर आधी आणि प्रयोग मागून?"

मी खळ ढवळायला घेतली. पण खरं सांगतो, ते तसं करणार नाहीत यावर माझा विश्वास बसला नाही. शिकंज्यात पुस्तक घालताना ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. मला वाटलं, यांच्या मनात काही तरी आहे.

रविवारी वाडीवरची सगळी मंडळी कुडाच्या देवळात, चर्चला ते देऊळच म्हणत, दाटीवाटीनं बसली होती. उपदेशकही आले होते, पेटी घेऊन. आप्पांनी नवं बांधलेलं शास्त्र घेतलं, डोळे मिटले, उघडलं, बोट ठेवलं. त्यांना नीट वाचता येईना म्हणून शेजारच्यानं वाचलं. मंडपाच्या पडद्यांची लांबी किती, कड्या किती, खुंट किती.

कुणी तरी खोकलं.

दुसऱ्यांदा. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, पानभर नावं.

तिसऱ्यांदा. घराच्या भिंतीला बुरशी आली तर याजकाला बोलावून ती कशी खरवडायची. मागं बसलेल्या एका म्हातारीला हसू आवरेना. "आप्पा, देव म्हन्तो आधी भितीला पोतेरा दे!"

आप्पांचा चेहरा उतरला. उपदेशक उठून उभे राहिले. आवाज खरोखरच गोड होता. म्हणाले, "मंडळी, पुस्तक आठ दिवस कुणाच्या हातात होतं? बांधणाऱ्याच्या. त्यानं काय केलं ते आपल्याला काय ठाऊक?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझ्याही मनात तेच होतं.

मास्तर म्हणाले, "बरोबर आहे. शंका घेतलीत ते चांगलं केलंत. माझ्या हातात आठ दिवस होतं, त्याआधी तुमच्या हातात आठ दिवस होतं. म्हणजे या पुस्तकावर बोट ठेवण्यात आता काही राम उरला नाही." ख्रिस्ती माणसाच्या तोंडून ते ऐकून मलाच हसू आलं. "तेव्हा बोट सोडा. तुमचं ते पान आहे ना, तेच घ्या. मी नाही वाचत. तुम्हीच वाचा, तुमचा आवाज चांगला आहे. फक्त बोटापाशी थांबू नका. खालपर्यंत वाचा."

उपदेशकांनी पान काढलं. सुंदर वाचलं. धन्याचा चाकर, विहीर, उंट, पोरीचं पाणी ओतणं. ही गोष्ट देवाकडून आली, मुलगी घ्या आणि जा, इथं त्यांनी आवाज चढवला. बायका डोळे पुसायला लागल्या. मग दागिने, जेवण, मुक्काम. पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकर म्हणतो, मला लवकर वाटेला लावा. पोरीची आई आणि भाऊ म्हणतात...

उपदेशक थांबले.

"वाचा की," मास्तर म्हणाले.

"पुढचं सर्वांना माहीत आहे."

"मला आठवत नाही. वाचा."

उपदेशकांनी वाचलं. आवाज एकदम साधा झाला होता. मुलीचे आई-भाऊ म्हणतात, आपण मुलीला बोलावू आणि तिलाच विचारू. मग ते तिला बोलावतात आणि विचारतात, तू या माणसाबरोबर जाशील का?

उपदेशकांनी शास्त्र आप्पांच्या हातात परत दिलं.

मास्तर म्हणाले, "त्या मुलीनं हो म्हटलं. आपली काय म्हणेल ते मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही, कुणीच विचारलेलं नाही. देवानं सगळं ठरवून टाकलं असं म्हणणाऱ्या त्या घरानंसुद्धा विचारलं, एवढंच इथं लिहिलंय."

आप्पांनी शास्त्र मिटलं. मग बायकांच्या बाजूला वळले. "सुवार्ता, ऊट. तू जाशील का गं?"

ती उठली. पदर सावरला. बापासमोर, पंधरा-वीस घरांसमोर, ती भिऊन हो म्हणेल अशी मला खात्री होती. आणि ती हो म्हणाली असती तर मास्तर ते मान्य करून नगरला परत आले असते, याचीही.

ती म्हणाली, "आप्पा, देवानं त्यांला सांगितलं, तुमाला सांगितलं. मला कसं न्हाई सांगितलं? मी काय बहिरी हाय? मला नर्सिंगला जायचंय."

पहिल्यांदा ती मागची म्हातारीच म्हणाली, "झालं तर मग." आप्पा पुस्तक छातीशी धरून खाली बसले. रागावले होते की सुटल्यासारखे झाले होते ते मला समजलं नाही. उपदेशक पेटी उचलून निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला एकटे मास्तर गेले. काय बोलले ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं नाही.

परतताना एसटीत मी म्हणालो, "मास्तर, एक विचारू? दीड वर्षं झालं. तुम्ही मला एकदाही तुमच्या देवाचं सांगितलं नाहीत, मी विचारलं तेवढं सोडून. मी काय त्या लायकीचा नाही?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "तुम्ही मला दीड वर्षं तपासताय," ते म्हणाले. "तपासून झालं की सांगा." मग म्हणाले, "घाई नाही."

पुढच्या वर्षी त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू. शिवण चुकायला लागली तसं त्यांनी स्वतःच हेडमास्तरांना सांगितलं. नगरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून कितीतरी दिवस हलू देत नसत. मी शाळा सुटल्यावर गेलो. वॉर्डाच्या दारातच एक थोराड नर्स तक्रार करत होती, "तुमचेच का हे? गोळी घेईनात. म्हणतात बाटलीवरचं वाचून दाखवा, काय आहे, कधीची आहे, कुणी बनवली. मला चाळीस पेशंट आहेत!"

मी खाटेपाशी गेलो. "कोण?" मास्तरांनी विचारलं. "आवाज ओळखीचा वाटतोय, पण नाव सांगा."

नाव सांगितलं. डबा नेला होता, आईनं दिलेला. मी तो त्यांच्या हाताला लावला. त्यांनी चाचपून झाकण उघडलं, हुंगलं, आणि सवयीनं माझ्याकडे सरकवला.

तेवढ्यात सुवार्ता आली. पांढऱ्या कपड्यांत, शिकाऊ नर्सची पट्टी लावलेली. मला तिनं ओळखलं, मानेनंच. वाटीत गोळी, दुसऱ्या हातात बाटली. म्हणाली, "मास्तर, मी आहे. वाचते हां." आणि बाटली उजेडाकडे धरली.

मास्तरांनी हात वर केला. "राहू दे. तूच आणलीस ना?"

"मीच."

त्यांनी तोंड उघडलं.

पण ती काही गोळी देईना. इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत ती वाचत राहिली, औषधाचं नाव, किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं, अगदी तळाच्या बारीक अक्षरातल्या पत्त्यापर्यंत. आणि मास्तर पट्ट्यांखाली तोंड उघडं ठेवून, निमूटपणे, तिचं वाचून व्हायची वाट बघत पडून राहिले.